पहिली की पाचवी

एरंडोल सुटलं आणि जितेंद्रच्या खिशात मयुरी वाजली. "दादा, कितव्या लेव्हलपासून सुरू करायचं? आज पक्कं सांग. मला कॅरेक्टर बनवायचंय." जितेंद्रनं मेसेज वाचला, फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागला, उत्तर पारोळ्याच्या अलीकडच्या कपाशीत कुठेतरी पेरलेलं असावं तसा. प्रश्न खरं म्हणजे त्याच्या पोटापाण्याचाच होता. जळगावात तो केळीच्या रोपांच्या नर्सरीत नोकरीला होता आणि दिवसभर त्याला फोनवर हेच विचारलं जायचं: भाऊ, केवढं रोप लावू? चार पानांचं लावू की सहा पानांचं? लहान लावलं तर उन्हात जळतं, मोठं लावलं तर जागा बदलल्याचा राग धरून बसतं. जितेंद्र समोरच्याचं गाव, पाणी आणि महिना विचारून तिथल्या तिथे आकडा सांगायचा, आणि पार रावेरपर्यंतचे लोक त्या आकड्यावर विसंबून वावरंच्या वावरं लावून मोकळे व्हायचे. त्या आत्मविश्वासाचा एक कणही आज त्याच्यासोबत बसमध्ये चढला नव्हता. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी पेपरमधून डोकं काढून त्याच्याकडे पाहिलं, ह्याच्या घरी काहीतरी झालंय असं मनाशी ठरवलं आणि आदरानं थोडं सरकून बसले.

खेळ तसा अगदी सोपा आहे, असं जितेंद्र कित्येक वर्षं लोकांना सांगत आला होता आणि लोक तितकीच वर्षं मान हलवून विषय बदलत आले होते. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, तो मास्टर, म्हणजे जितेंद्रच. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मंत्र टाकणारी. मास्टर म्हणतो, समोर पूल आहे, पुलावर कोणीतरी उभं आहे, काय करता? मग पात्रांनी बोलायचं, भांडायचं, पळायचं, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशानं सांगायचं. शेवटी कोणीच जिंकत नाही. "मग खेळता कशाला?" असं जितेंद्रच्या सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं. त्याचं उत्तर त्याला अजून सुचायचं होतं. तर ह्या पात्रांना लेव्हल असते. पहिल्या लेव्हलचं पात्र म्हणजे कालच घरातून पळून आलेलं पोर. हातात काठी, अंगात चिमूटभर जीव, कुत्र्यानं धरलं तरी कारभार आटोपला. पण लक्षात ठेवायला काही नाही. काठी मारायची, संपलं. पाचव्या लेव्हलचं पात्र तयारीचं: दोन पानं भरून युक्त्या, मंत्र, त्यांच्या अटी आणि अटींचे अपवाद. शिवाय त्याला भूतकाळ लागतो. इतके दिवस कुठे होतास, काय केलंस, कुणाला सोडून आलास, हे ज्यानं त्यानं पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर तोंडानं सांगायचं. लिहून आणलेलं वाचायचं नाही. हा जितेंद्र, मयुरी, ज्ञानेश्वर आणि प्रेमराज ह्या चौघांचा घरचा नियम होता, आणि तो प्रेमराजनं केला होता.

इथपर्यंत आलं की जितेंद्रचा विचार अडखळायचा. बस खड्ड्यातून गेली म्हणावं, तर रस्ता आता चौपदरी झाला होता.

प्रेमराज धुळ्यात एका शाळेत मराठी शिकवायचा. माणूस दोंडाईच्याजवळच्या खेड्यातला, घरी सगळी अहिराणी, पण शाळेच्या फाटकातून आत गेला की त्याचं मराठी असं कडक इस्त्रीचं व्हायचं की तपासणीला आलेले पुण्याकडचे साहेबसुद्धा त्याच्यासमोर जपून बोलायचे. खेळातही त्यानं शाळा सोडली नाही. कोणी 'पानी' म्हटलं की तो हात वर करून खेळ थांबवायचा. "कोणतं पान? पिंपळाचं?" एकदा ज्ञानेश्वरचा योद्धा वाळवंटात मरणाला टेकला होता, तरी त्याला ण सापडेपर्यंत घोटभर मिळालं नव्हतं. सगळे हसले होते. ज्ञानेश्वर चाळीसगावचा, त्याच्याही घरी पानीच पीत होते. तोही हसला होता.

आणि गॉब्लिन होते. हिरवे, बुटके, चोरटे, कच्चं खाणारे. दर दोन बैठकींआड त्यांची टोळी कुठल्यातरी झाडीतून निघायचीच, आणि निघाली की बोलायची. त्यांनी काय बोलायचं हा प्रश्न अगदी सुरुवातीलाच आला होता. राजा पुस्तकी बोलायचा, जादूगार संस्कृतसारखं काहीतरी पुटपुटायचा. गॉब्लिननं काय करावं? "अहिराणी," प्रेमराजच म्हणाला होता. "ए पोऱ्या, कथा चालना? माले भूक लागनी शे!" कुठे चाललास, मला भूक लागलीय, एवढंच ते, पण त्यानं ते अशा काही आवाजात म्हटलं की मयुरीच्या नाकातून चहा आला. जितेंद्र भुसावळकडचा, त्याला अहिराणी यायची नाही, म्हणून प्रेमराजनं त्याला गॉब्लिनची वाक्यं बसून शिकवली. शिव्या शिकवल्या, धमक्या शिकवल्या, भुकेची वाक्यं शिकवली. जितेंद्रनं ती मन लावून घोकली. पुढेपुढे तर नुसतं 'शे', म्हणजे साधं 'आहे', म्हटलं तरी टेबल हसायला लागायचं. ह्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं, आणि ज्याला वाटायला हवं होतं तो तर स्वतः शिकवणारा शाळामास्तर होता.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आसपास, वर्गात समास समजावता समजावता, प्रेमराज फळ्याशी खाली बसला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात यथावकाश परत आला, पाय आला, चेहरा जागेवर आला. बोलणंही आलं, पण ते दुसरंच आलं. शाळेतलं मराठी कुठे गेलं कोण जाणे, पानं फाडून न्यावीत तसं सगळंच्या सगळं गेलं, आणि राहिली ती आईची अहिराणी, तीही तुकड्यातुकड्यानं. लिहिणं-वाचणं तर बंदच. मोठ्या डॉक्टरांना सारिकानं, त्याच्या बायकोनं, हे काकुळतीनं सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, "बोलतात की छान!" डॉक्टर अहमदाबादचे होते. त्यांच्या कानाला दोन्ही मराठीच. हॉस्पिटलात मित्र सगळे गेले होते, शहाळी घेऊन, आणि खाटेभोवती उभं राहून हवापाण्याचं बोलून आले होते. प्रेमराज तेव्हा काहीतरी म्हणाला होता आणि तिघांनीही एकमेकांच्या चपलांकडे पाहिलं होतं. त्यानंतर जाणं झालं नाही. जायचं नाही असं कोणी ठरवलं नव्हतं. आधी केळीची लागवड होती, मग लग्नसराई होती, मग ऊन फार होतं.

खेळ पुन्हा सुरू करायचा हे सारिकाचंच डोकं. काल संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा जितेंद्र नर्सरीच्या शेडनेटमध्ये उभा होता, ओल्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या वासात. "जितूभाऊ, उद्या येताय ना नक्की? एक सांगायचं होतं. त्यांना मुद्दाम जिंकवू नका."

"आमच्यात कोणी जिंकत नाही, वहिनी."

"तेच ते. ती थेरपीवाली मुलगी चित्रांची कार्डं देऊन गेलीय. केळं दाखवायचं आणि विचारायचं, हे काय आहे? हे केळ्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. बाईला एवढंही कळत नाही, असं. परवा सगळी कार्डं खिडकीतून खाली टाकली. थेरपी बंद, डॉक्टर बंद. आईंशी बोलतात तेवढंच. मला अर्धं कळतं, अर्ध्याला मी हो म्हणते." तिनं आवाज खाली आणला. "तुमच्या टेबलावर बसायला तयार झालेत. तिथेही कोणी त्यांना लहान पोर करून बसवलं ना, तर ते परत कुठेच बसणार नाहीत. मी ओळखते त्यांना."

म्हणजे पहिली लेव्हल नको. जितेंद्रनं फोन ठेवला आणि त्याला तेवढ्यापुरतं हलकं वाटलं. मग लक्षात आलं, पाचवी म्हणजे दोन पानं अटी, ज्या तो वाचू शकत नाही, आणि सगळ्यांसमोर तोंडानं सांगायचा भूतकाळ. म्हणजे पाचवीही नको. तिसरी? तिसरीनं दोन्हीकडून मार खाल्ला असता. ग्रुपवर मयुरीनं मतदान घेतलं होतं, पहिली की पाचवी. तिचं आणि ज्ञानेश्वरचं मत पाचवीला, आणि प्रेमराजचा एक अंगठा. प्रेमराज हल्ली ग्रुपवर अंगठाच पाठवायचा. वाढदिवसाला अंगठा, भावपूर्ण श्रद्धांजलीलाही अंगठा. हा अंगठा कुणाला होता हे विचारायचं धाडस कोणाला झालं नव्हतं. पारोळा गेलं, फागणं आलं, आणि जितेंद्रनं शेवटी एक थाप तयार केली: नियमांचं नवीन पुस्तक आलंय, त्यात सगळ्यांना पहिलीपासूनच सुरू करावं लागतं, आपला इलाज नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा रंगही त्यानं ठरवून टाकला. जांभळा.

धुळ्यात, देवपुरातल्या घराचं दार प्रेमराजच्या आईनं उघडलं. सुंदरबाई पोराच्या आजारपणात गावाहून आल्या त्या राहिल्याच होत्या. "उना का रे जितू? पार वाळी गया रे भाऊ!" त्या म्हणाल्या. गेल्या वर्षभरात जितेंद्रचं वजन वाढलं होतं, पण तो "हो अक्का" म्हणाला आणि पाया पडला. आत टेबल मांडलेलं होतं, मधोमध मास्टरचा पुठ्ठ्याचा आडोसा, ज्याच्यामागे मास्टर आपली कागदपत्रं लपवतो. प्रेमराज खुर्चीत ताठ बसला होता, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्यानं जितेंद्रचा हात धरला, सोडायला थोडा उशीर केला आणि म्हणाला, "बठ." जितेंद्रनं ह्या प्रसंगासाठी जी दोनचार वाक्यं तयार केली होती, ती सगळी मोठ्यानं आणि सावकाश म्हणायची होती, बहिऱ्याशी बोलावं तशी. त्यातलं पहिलं तोंडातून निघालंही. प्रेमराजनं ते पूर्ण होऊ दिलं. वर्गात उशिरा आलेल्या पोराचं कारण पूर्ण होऊ देतात तसं.

"दादा, दोन दिवस विचारतेय," ज्ञानेश्वरसोबत आधीच येऊन बसलेली मयुरी म्हणाली. ती चोपड्याची, धुळ्यात बँकेत होती. "एवढ्यात तुझ्या नर्सरीतल्या रोपाला घड लागला असता."

"पहिलीचं नाव काढू नको," ज्ञानेश्वर म्हणाला. "मागच्या वेळी मला खेकड्यानं मारलं. घरी बायकोला सांगता येत नाही कशानं मेलो ते."

"पहिली का पाचवी?" सुंदरबाई चहाचे कप ठेवता ठेवता थांबल्या. "कोन जाई राह्यनं शायमा?"

"शाळेत नाही, अक्का. खेळातली लेव्हल."

"मंग पाचवीमा बसाडा त्याले. पहिली त कव्हयच व्हई गयी त्यानी. मी सोता सोडाले गयती. रडना बी नही." त्यांनी ते सहज सांगितलं, दाखल्याच्या खिडकीवर सांगावं तसं, आणि बशी पुसत आत गेल्या.

जितेंद्रनं घसा साफ केला. "त्याचं असं आहे, की नवीन पुस्तक आलंय नियमांचं. त्यात आता सगळ्यांनाच पहिलीपासून..."

"कोणतं पुस्तक?" मयुरी म्हणाली.

"जांभळं."

प्रेमराज त्याच्याकडे बघत होता. कॉपी पकडलेला मास्तर रागावत नाही. तो नुसता बाकाशेजारी येऊन उभा राहतो आणि पोराला स्वतःच चिठ्ठी काढून द्यायला लावतो. तसं काहीतरी त्या बघण्यात होतं. आजार सगळं घेऊन गेला होता, हे एवढं त्यानं तसंच ठेवलं होतं. जितेंद्रचं बोलणं आपोआप बारीक होत गेलं आणि कुठेतरी विझलं. मग प्रेमराजनं उजवा हात टेबलावर आणला, वर केला आणि बोटं एकेक करून उघडली. शेवटचं बोट जरा हट्टी होतं. ते उघडेपर्यंत सगळे थांबले.

"पाच," प्रेमराज म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात सारिका उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

पाचवी म्हणजे भूतकाळ. मयुरीनं तिच्या मंत्रवाल्या बाईचा सांगितला, त्यात एक जळालेलं गाव आणि एक दुष्ट काका होता. तिच्या सगळ्याच पात्रांना दुष्ट काका असायचा. ज्ञानेश्वरचा चोर तुरुंगातून निसटला होता. जितेंद्र वाहवा करत होता आणि मनातल्या मनात वेळ लांबवत होता. आता फोन यावा, वीज जावी, शेजारी कोणाचं तरी बारसं निघावं. काहीच झालं नाही. प्रेमराजची पाळी आली.

"मी," प्रेमराज म्हणाला. त्याच्या ओठांवर काहीतरी येत होतं आणि परत जात होतं. जितेंद्रला त्या क्षणी वाक्यं सुचत होती, एकाहून एक सरस, प्रेमराजच्या वतीनं तो दहा भूतकाळ सांगू शकला असता. त्यानं जीभ दाताखाली धरली.

"मी खिंडमा व्हतू," प्रेमराज म्हणाला. आणि मग वाट मोकळी झाल्यासारखं ते यायला लागलं, अडखळत, पण येत. "राजानी सांगं, आठे उभा राह्य. दुश्मन येई. मी उभा राह्यनू. थंडी गयी. उन्हाया गया. रोज भाला घासू. रोज वाट देखू. कोनी उनंच नही." तो थांबला. शब्द शोधला. सापडला. "दुश्मन बी उना नही."

जितेंद्र हसला.

हसू त्याला विचारून आलं नव्हतं. कानावर तो हेल पडला, ते 'उना नही' पडलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं आत कुठेतरी खटका दाबला गेला. टेबलावर गॉब्लिन बोलला की हसायचं. मयुरीही हसायला लागली होती, तिनं अर्ध्यात गिळलं. जितेंद्रचं मात्र पूर्ण बाहेर पडलं, खोलीभर झालं, आणि ते होत असतानाच त्याला वाक्याचा अर्थ लागला. मराठीत लागला. आधी राजाचा लागला, मग खिंडीचा, मग कोण आलं नाही त्याचा. हे सगळं एकाच वेळी चेहऱ्यावर आलं तर चेहरा कसा दिसतो, हे बघायला समोर आरसा नव्हता, हे बरंच म्हणायचं.

"कसाले हासना रे?" सुंदरबाई दारातून म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. गंमत असेल तर त्यांनाही हवी होती.

ज्ञानेश्वर फाशाची एकेक बाजू निरखून बघत होता, जणू त्यावर कुठेतरी ह्याचं उत्तर लिहिलेलं आहे. प्रेमराजनं दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि उठायला सुरुवात केली. खुर्ची मागे सरकली, फरशीवर करकरली. सारिका एक पाऊल पुढे आली आणि थांबली. संपलं, जितेंद्रला वाटलं. आता तो आत जाईल, दार लावून घेईल, आणि आपण जळगावची बस पकडू, आणि कपाशी दुसऱ्या बाजूनं दिसेल. त्याला हेही वाटलं की निदान लेव्हलचा प्रश्न तरी सुटला, आणि असं वाटल्याची त्याला मजा वाटली नाही.

प्रेमराज आतल्या दाराकडे वळला नाही. टेबलाची कड धरत धरत, उजवा पाय जरा ओढत, तो वळसा घालून आला आणि जितेंद्रच्या खुर्चीशी उभा राहिला.

"ऊठ."

जितेंद्र उठला. प्रेमराज त्याच्या जागी बसला, पुठ्ठ्याचा आडोसा स्वतःसमोर नीट चौकोनात लावला, मागचे कागद न बघताच गोळा करून बाजूला ठेवले. मग त्यानं छातीवर हात ठेवला. "मी पाचवी," तो म्हणाला. आणि तोच हात तिघांवरून फिरवला, हजेरी घेतल्यासारखा. "तुम्ही बठ्ठा पहिली. आते मी सांगसू."

"पण सर, माझे मंत्र?" मयुरी म्हणाली. "मी सगळे निवडून ठेवलेत."

"मंतर शिकनं पडी."

"अहिराणीत?"

प्रेमराजनं उत्तरादाखल ज्ञानेश्वरच्या हातातला फासा काढून घेतला. ज्ञानेश्वरच्या तोंडावर मात्र एक चोरटं हसू आलं होतं. चाळीसगावच्या घरात बोलत होते ते इथे चालणार, म्हणजे त्याला फुकटात बरीच मजल मारता येणार होती. तो चटकन म्हणाला, "मना चोर तयार शे, मास्तर." प्रेमराजनं मान हलवली. जितेंद्र उभाच होता. मग त्यानं प्रेमराजची रिकामी खुर्ची ओढली आणि बसला. खुर्ची अजून कोमट होती. इतक्या वर्षांत त्यानं राजे केले होते, राक्षस केले होते, पूल आणि पाऊस केला होता, पण स्वतःचं एकही पात्र केलं नव्हतं. मास्टरला पात्र नसतं.

"आंधारं शे," प्रेमराज आडोशामागून म्हणाला. प्रत्येक शब्द तो आधी चाचपून मग ठेवत होता, आणि त्यामुळे खोलीत खरोखरच अंधार पडल्यासारखं झालं. "नदी शे. काठवर एक मानूस शे." त्यानं जितेंद्रकडे बोट केलं. "कोन शे तू?"

जितेंद्रनं तोंड उघडलं. त्याच्याजवळ अहिराणी भरपूर होती. माले भूक लागनी शे. ए पोऱ्या, कथा चालना. डोकं फोडसू. त्यानं सगळा साठा वरखाली केला. भूक होती, चोरी होती, मारामारी होती. मी कोण आहे हे सांगणारं वाक्य त्यात एकही नव्हतं. ते त्यानं कधी मागितलंच नव्हतं.

"मी," तो म्हणाला, आणि पुढे काही आलं नाही.

ज्ञानेश्वर त्याच्या कानाशी वाकला. प्रेमराजनं बोट वर केलं आणि ज्ञानेश्वर सरळ झाला. सारिका दारातून आत येऊन भिंतीशी बसली होती. पंखा फिरत होता. प्रेमराज पुठ्ठ्यावरून बघत होता. त्याला कसलीही घाई नव्हती, तो हवा तितका वेळ द्यायला तयार होता, आणि तेच जितेंद्रला सोसवत नव्हतं. शब्द येत होते आणि चुकीचे म्हणून परत जात होते.

"येई, येई," सुंदरबाई म्हणाल्या. "घाई नका करा त्याले."

"मी," जितेंद्र म्हणाला, "मी आठे... नवा शे."

प्रेमराजनं ते ऐकलं, थोडा विचार केला, मान्य केलं, आणि फासा त्याच्यापुढे सरकवला.